दोन श्वासांची गोगलगाय

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या पुष्कळांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पायला हाताळलेली असते. तळ्यात, ओढ्याच्या डोहात, भाताच्या खाचरात सापडणारी आपली ही गोल, जाड शंखाची पाणगोगलगाय. शंख काढून पाठीवरचं पातळ आवरण उलगडलं की आत दोन अवयव शेजारीशेजारी दिसतात. उजवीकडे कल्ला, डावीकडे फुप्फुस. विद्यार्थी आकृती काढतात, नावं देतात आणि वही बंद होते. पण त्या आकृतीत केवढी मोठी गोष्ट दडलेली आहे! पाण्यातला श्वास आणि हवेतला श्वास एकाच देहात नांदतात. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तर कल्ला पुरतो. उन्हाने पाणी तापलं, त्यात पालापाचोळा कुजला की फुप्फुस कामाला लागतं.

पायलाची एक चुलत बहीण दक्षिण अमेरिकेत राहते. तिचं शास्त्रीय नाव पोमासिया कॅनालिक्युलाटा. जगभर ती ‘गोल्डन ॲपल स्नेल’ म्हणून ओळखली जाते. आपण तिला सोनेरी पाणगोगलगाय म्हणू. तिचं मूळ घर ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. गेल्या साडेचार दशकांत ती आशियातल्या भातशेतीची मोठी वैरीण झाली आहे. जगातल्या 100 अतिघातक आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, तीत तिचं नाव आहे. मुठीत मावणारा हा मऊ आणि संथ जीव. याच्यात एवढी ताकद आली कुठून, हे कळायचं तर आधी त्याच्या शरीराकडे पाहायला हवं. तिला आवर घालायचे उपायही तिथेच सापडतात, असं माझं ठाम मत आहे.

काचेच्या टाकीत ही गोगलगाय श्वास घेताना पाहण्यासारखी असते. ती काचेवरून सरकत पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते. मानेच्या डाव्या बाजूची कातडीची घडी हळूहळू गुंडाळली जाते, तिची नळी होते आणि ती नळी लांबत लांबत वर जाऊन हवेला टेकते. नळी पुरेपूर ताणली की गोगलगाईच्या अंगापेक्षाही लांब भरते. मग डोकं आणि पाय तालात आत-बाहेर होऊ लागतात. प्रत्येक हेलकाव्याबरोबर फुप्फुसात हवा भरते, निघते. काही वेळाने नळी मिटते आणि ती पुन्हा खाली चरायला जाते. शंख पाण्यातच राहिल्यामुळे वरून घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला तो सहज सापडत नाही.

हेच फुप्फुस तिला तरंगायलाही उपयोगी पडतं. हवा भरून घेतली की ती पाण्यावर हलकी होते आणि प्रवाहाबरोबर वाहत जाते. पाटाच्या पाण्यातून एका शेतातून दुसऱ्या शेतात, पुरातून एका गावातून दुसऱ्या गावात. धक्का लागला, सावली पडली, की हवा सोडते, पायामागचं शिंगासारखं कडक झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट ओढून घेते आणि दगडासारखी तळाला जाते.

पाणी आटलं तर? ती चिखलात शिरते, झाकण लावते आणि थांबते. शरीराचे व्यवहार अगदी मंद करून ती महिनोन्महिने तशीच राहू शकते. जपानमधल्या प्रयोगांत काही गोगलगाई पाण्याविना जवळजवळ 11 महिने जगल्या. पाणी परत आलं की झाकण उघडतं आणि चरणं सुरू होतं.

खाण्याच्या बाबतीत तिचे फार नखरे नाहीत. तोंडात सूक्ष्म दातांच्या रांगा असलेली पट्टी असते आणि ती नारळाच्या खवणीसारखी वनस्पतीवर पुढेमागे फिरते. कोवळी पानं, शेवाळ, पाणवनस्पती, मेलेला मासा, दुसऱ्या गोगलगाईंची अंडी, सगळं चालतं. आणखी एक तऱ्हा मला फार विलक्षण वाटते. पाण्यावर सूक्ष्म अन्नकणांची साय धरलेली असली तर ही गोगलगाय पृष्ठभागाशी येऊन पायाच्या पुढच्या कडेचं नरसाळं करते. त्या नरसाळ्यात पृष्ठभागावरचं पाणी ओढलं जातं, कण साचतात आणि ती ते गिळते. चघळायला पान नसलं तरी उपाशी राहायची वेळ येत नाही.

आता अंड्यांकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे.

जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाई एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असतात. ही तशी नाही. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. मीलन तासन् तास चालतं. मादी नराचं बीज कित्येक आठवडे, अगदी महिने, अंगात साठवून ठेवू शकते. म्हणजे एकटी मादी वाहत जाऊन नव्या तळ्यात पोचली तरी तिथे वसाहत उभी राहायला पुरेशी आहे. उष्ण हवेत पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. अर्जेंटिनातल्या थंडीत प्रजनन थांबतं. विषुववृत्ताजवळच्या भातपट्ट्यात मात्र बारा महिने पाणी आणि बारा महिने ऊब.

अंडी घालायला मादी रात्री पाण्याबाहेर येते. शरीर पाण्यात जगण्यासाठी घडलेलं, तरीही ती लव्हाळ्यावर, भाताच्या काडीवर, बांधाच्या दगडावर, पुलाच्या खांबावर वीतभर, कधी हातभर चढते. मग एकेक अंडं पायाच्या घडीतून वर सरकतं आणि आधीच्या अंड्याला चिकटतं. ताजी अंडी मऊ आणि ओलसर असतात; काही तासांत त्यांचं चुन्याचं कवच कडक होतं. सकाळी पाहावं तर काडीवर भडक गुलाबी घोस लटकलेला. दोन-तीनशे अंडी, कधी त्याहून बरीच जास्त. हिरव्या शेतात हा रंग लांबूनही नजरेत भरतो.

पाण्यातल्या जिवाने अंडी हवेत का घालावीत? पाण्यात मासे आहेत, अंडी खाणारे इतर प्राणी आहेत, आणि कुजक्या पाण्यात वाढत्या भ्रूणाला प्राणवायू पुरत नाही. हवेत तो मुबलक असतो. पण हवेत पक्षी, उंदीर आणि मुंग्या आहेत, वर रणरणतं ऊन आहे. मग इतका भडक रंग घेऊन, कुणीही पाहावं अशा जागी, दोन आठवडे ही अंडी सुखरूप राहतात कशी?

या प्रश्नाचा पिच्छा अर्जेंटिनातल्या ला प्लाटा शहरात ओरासिओ एरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पुरवला. त्यांना सापडलं ते थक्क करणारं आहे. अंड्याला गुलाबी रंग देतं ते ओव्होरुबिन नावाचं प्रथिन. कोळंबीला तांबूस करणारं ॲस्टाझँथिन हेच रंगद्रव्य त्याला जोडलेलं असतं. उन्हापासून भ्रूणाला जपायला ते मदत करतं. हे प्रथिन भ्रूणाचं अन्न आहे, पण दुसऱ्या कुणाला त्याचा लाभ होत नाही. ते जवळजवळ उकळत्या तापमानालाही टिकतं, जठरातल्या पाचक रसांना दाद देत नाही आणि खाणाऱ्याची पाचक विकरंच रोखून धरतं. ज्याने अंडी खाल्ली त्याच्या पोटातून ते जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. खाऊनही पोषण शून्य.

त्यावर आणखी एक पहारा आहे. अंड्यात दुसरं एक प्रथिन आहे, आणि ते विष आहे. 2013 साली या गटाने त्याची रचना मांडली तेव्हा कळलं की हे दोन भागांचं यंत्र आहे. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेला धरून ठेवतो, दुसरा पेशीच्या पटलाला भोक पाडतो. पहिल्या तऱ्हेची हत्यारं वनस्पतींच्या बियांत सापडतात. भोक पाडणारी प्रथिनं आपल्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींतही असतात. तिथे ती जंतूंविरुद्ध वापरली जातात. दोन्हींची जोडणी करून अंड्यात भरलेलं मज्जातंतूंचं विष तोवर प्राणिसृष्टीत कुणी पाहिलेलं नव्हतं. प्रयोगात ते टोचलेले उंदीर मेले. म्हणजे तो गुलाबी रंग ‘मला खाऊ नका’ असा जाहीर इशाराच आहे. ही अंडी खाणारे प्राणी फार थोडे. उष्ण प्रदेशातली एक आगमुंगी त्यांतली एक.

अंड्यांत जाणारी ही रसायनं मादीच्या शरीरातल्या ज्या ग्रंथीत तयार होतात, तीही गुलाबी असते. दक्षिण अमेरिकेपासून फ्लोरिडापर्यंत जवळपास निव्वळ पाणगोगलगाईंवर जगणारी एक घार आहे. आकडीसारख्या वळलेल्या चोचीने ती शंखातलं मांस ओढून काढते आणि ती गुलाबी ग्रंथी तेवढी वेगळी करून टाकून देते. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला जे कळायला कित्येक वर्षं लागली, ते या पक्ष्याला कधीचं ठाऊक होतं.

आता हे सगळं एकत्र धरून पाहा. पाणी असो, नसो, जगता येतं. पाणी खराब झालं तर हवेतून श्वास. पूर आला तर प्रवास. दुष्काळ पडला तर झोप. अंड्यांना विषाचं कवच. ला प्लाटाच्या खोऱ्यातल्या पाणथळी दरवर्षी भरतात आणि आटतात. त्या लहरी पाण्याने लाखो वर्षांत ही गोगलगाय घडवली. आणि भाताचं खाचर म्हणजे तरी काय? माणसाने हाताने बांधलेली, ठरल्या वेळी भरणारी, ठरल्या वेळी आटणारी उथळ पाणथळ. फरक एवढाच की इथे एका वयाची, एका जातीची, कोवळी लुसलुशीत रोपं एकराच्या एकर ओळीने लावून ठेवलेली असतात. पावसाळ्यात रानात इतकं खाद्य एका जागी तिला कधीच मिळालं नसतं.

ती इथवर आपण होऊन आली नाही. 1980च्या सुमारास अर्जेंटिनातून ती तैवानला नेली गेली. हेतू खाण्याचा होता. युरोपात गोगलगाईंना मोठी मागणी असते. ही झपाट्याने वाढणारी मोठी गोगलगाय पाळावी, खावी आणि निर्यात करावी, असा बेत. लवकरच ती फिलिपिन्समध्ये, जपानमध्ये, चीनमध्ये पोचली. फिलिपिन्समध्ये गरीब शेतकऱ्याला स्वस्तात प्रथिनं आणि जोडधंदा मिळेल म्हणून तिचा प्रसार झाला. जपानमध्ये 1983 सालापर्यंत सुमारे 500 ठिकाणी तिची पैदास सुरू झाली होती. मग व्यवहार कोसळला. लोकांना चव आणि पोत आवडेना, युरोपच्या आरोग्यनियमांत माल बसेना. हौद ओस पडले. गोगलगाई कुठे सुटल्या, कुठे सोडून दिल्या गेल्या.

फिलिपिन्समध्ये 1986 साली लुझोनच्या उत्तरेला कागायान खोऱ्यात सुमारे 300 हेक्टर भाताला तिचा उपद्रव झाल्याची नोंद आहे. दशक संपता संपता हा आकडा चार लाख हेक्टरांच्या पुढे गेला. इफुगाओच्या डोंगरउतारांवरच्या प्राचीन भातपायऱ्यांतही ती चढली. आर्थिक अभ्यासकांनी 1990पर्यंतचा फिलिपिन्सच्या शेतीचा तोटा 42.5 कोटी ते 120 कोटी डॉलर एवढा मोजला, आणि त्यात माणसांच्या आरोग्याचं व निसर्गाचं नुकसान धरलेलं नाही. हवाईत तिने अळूची शेती धरली. तिथे अळूचा कंद हे पारंपरिक अन्न आहे आणि तो पाण्याने भरलेल्या वाफ्यांत पिकतो. 2009 साली तिची सख्खी बहीण, पोमासिया मॅक्युलाटा, स्पेनमधल्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीत सापडली. 2012 साली युरोपीय संघाने या संपूर्ण कुळीच्या आयातीवर बंदी घातली. 2020 साली केनियातल्या म्वेआ या मोठ्या भातक्षेत्रातून सोनेरी पाणगोगलगाईची बातमी आली. म्यानमारच्या इनले सरोवरात ती आहे. म्हणजे आपल्या पूर्वसीमेच्या पलीकडे.

शेतात तिचा हल्ला एका रात्रीत होतो. संध्याकाळी लावणी आटोपलेली असते. रात्री ती पाण्याखालून रोपाच्या बुंध्याशी येते, खोड कुरतडते. रोप आडवं पडून तरंगू लागलं की पाण्यावर बसून पानं खाते. सकाळी खाचरात रिकामी टक्कलं पडलेली असतात आणि कडेला पानांचे तुकडे तरंगत असतात. रोप एकदा दणकट झालं की तिला ते फारसं चावत नाही. खरा धोका लावणीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांचा. पेरभातात तो तीन-चार आठवडे टिकतो, कारण तिथे रोप बियाण्यापासूनच शेतात असतं.

शेताबाहेरचं नुकसान कमी डोळ्यांत भरतं, पण ते फार खोल आहे. थायलंडमधल्या पाणथळींत स्वीडिश संशोधक निल्स कार्लसन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की ही गोगलगाय जिथे दाटीने वाढते तिथल्या पाणवनस्पती जवळपास नाहीशा होतात. वनस्पतींनी धरून ठेवलेली पोषकद्रव्यं पाण्यात उतरतात, सूक्ष्म शैवाल माजतं, आणि तळ दिसणारं निर्मळ पाणी हिरवं, गढूळ होऊन जातं. पायलासारख्या स्थानिक पाणगोगलगाईंनाही अनेक ठिकाणी मागे हटावं लागलं. शिवाय ती उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या पिल्लांना आसरा देते. अर्धीकच्ची गोगलगाय खाल्ली तर ती पिल्लं माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. 2006 साली बीजिंगमध्ये अशा जेवणातून 160 जण आजारी पडले.

असं संकट आलं की हात आधी विषाकडे जातो. फिलिपिन्समध्येही तसंच झालं. तिथे कथिलाची सेंद्रिय संयुगं भातात ओतली गेली. गोगलगाई मेल्या, पण खाचरातले मासे मेले, आणि गुडघाभर पाण्यात अनवाणी उतरलेल्या शेतकऱ्यांची कातडी सोलली, नखं गळली, डोळे अधू झाले. शेवटी त्या औषधांवर बंदी आली. आजही निक्लोसमाइड, मेटाल्डिहाइड, चहाच्या बियांची पेंड अशी द्रव्यं वापरली जातात. पेंडीतलं सॅपोनिन माशांना मारतं, निक्लोसमाइडही मारतं. आणि हेच मासे गोगलगाईची पिल्लं खाणारे. जी गोगलगाय झाकण लावून चिखलात महिने काढते, तिच्या डोक्यावरून विषाचा एक फेरा निघून गेला तर ती खाली वाट पाहत राहू शकते. म्हणून विष हे फार तर अडीनडीचं शेवटचं हत्यार, असं मला वाटतं; त्यावर भिस्त ठेवणाऱ्याने आपल्याच शेतातले मदतनीस मारलेले असतात.

मदतनीस आहेतच. उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यावर ज्यांनी मुग्धबलाक हा करकोचा पाहिला आहे, त्यांना त्याची ती मिटूनही फट राहणारी चोच आठवेल. त्याला घोंगल्या फोडा असंही म्हणतात. पायला हे त्याचं आवडतं खाद्य, आणि तो शंख सहसा फोडत नाही. चोचीचं टोक झाकणाखाली सरकवून तो आतला स्नायू तोडतो आणि मांस अख्खं बाहेर काढतो. थायलंडच्या भातखाचरांत सोनेरी पाणगोगलगाय माजली तशी तिथे या करकोच्यांची संख्या वाढली, आणि दक्षिणेकडे मलेशिया-सिंगापूरपर्यंत त्यांचे थवे दिसू लागले. फ्लोरिडात तर याहून नवल घडलं. आधी सांगितलेल्या गोगलगाईखाऊ घारीला तिथे एक लहान देशी गोगलगाय मिळत असे. पोमासिया मॅक्युलाटा तिथे शिरली, ती कितीतरी मोठी. मोठ्या चोचीची पिल्लं तिला नीट हाताळू शकली आणि जास्त जगली. 2018 साली क्रिस्टोफर कॅटाऊ आणि सहकाऱ्यांनी मोजमापांसह दाखवलं की दोन पिढ्यासुद्धा पूर्ण होण्याआधी या घारींच्या चोची सरासरीने मोठ्या झाल्या होत्या. शरीरातला बदल इतक्या झपाट्याने, माणसाच्या डोळ्यांदेखत.

सोनेरी पाणगोगलगाईची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. तिच्या डोळ्याची रचना आपल्या डोळ्याशी मिळतीजुळती आहे: पारदर्शक पटल, भिंग, मागे दृष्टिपटल. आणि डोळा कापला तर तो पुन्हा उगवतो. गोगलगाईचं डोकं परत वाढतं हे अठराव्या शतकात इटलीच्या लाझारो स्पालांझानी यांनी लिहून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या स्टोअर्स संस्थेत आलेहांद्रो सांचेझ आल्वारादो यांच्या प्रयोगशाळेत आलिचे अकॉर्सी यांनी हीच सोनेरी पाणगोगलगाय निवडली, कारण ती सहज वाढते, भरपूर अंडी घालते, कशातही तग धरते. शेतकऱ्याला जे शाप वाटतं, तेच प्रयोगशाळेत वरदान. एका दिवसात जखम भरते, पेशी तिथे जमतात, पंधरा दिवसांत डोळ्याचे सगळे भाग आणि मज्जातंतू आकाराला येतात; पुढे काही आठवडे तो पक्व होत राहतो. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असंही दिसलं की पॅक्स-6 हे जनुक बंद पाडलं तर गोगलगाईला मुळात डोळेच येत नाहीत. माणसाच्या डोळ्याच्या घडणीतही हेच जनुक लागतं.

परत शेतात येऊ, कारण शेतकऱ्याला रोप वाचवायचं आहे. वर सांगितलेली तिची प्रत्येक शक्ती तिची एकेक अडचणही आहे.

तिला चालायला पाणी लागतं. पाण्याची खोली शंखाच्या निम्म्या उंचीच्याही खाली गेली की तिला शंख ओढत फिरता येत नाही. ती जागच्या जागी बसते, चरणं थांबतं. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस खाचरात पाणी दोन सेंटिमीटरच्या आत ठेवायचं, एवढा एकच उपाय अर्धी लढाई जिंकून देतो. पण त्यासाठी जमीन सपाट हवी. चिखलणीत एखादा खड्डा राहिला तर सगळ्या गोगलगाई तिथे जमतात आणि तिथली रोपं संपवतात. फिलिपिन्समधल्या शेतकऱ्यांनी याच खोडीचा फायदा उठवला. ते मुद्दाम खाचरात वीतभर रुंद, उथळ चर काढतात. पाणी उतरवलं की गोगलगाई चरात गोळा होतात आणि सकाळी वेचून घेता येतात. पपईची, अळूची पानं पाण्यात टाकली तर त्यांच्याखालीही त्या जमतात.

कोवळं रोप तिला हवं असतं, म्हणून थोडी जून, 25 ते 30 दिवसांची रोपं लावली तर नुकसान खूप घटतं. इथे भातलावणीच्या श्री पद्धतीचा पेच पडतो. श्री पद्धतीत आठ-बारा दिवसांची नाजूक रोपं लावतात, ती गोगलगाईला आयती मेजवानी. पण त्याच पद्धतीत पाणी साठवून ठेवत नाहीत, जमीन फक्त ओली राखतात, आणि तो गोगलगाईच्या विरुद्ध सर्वांत मोठा डाव. कुठे काय जड भरेल ते शेताच्या सपाटीवर आणि पावसावर ठरतं. सलग मुसळधार पाऊस लागला तर पाणी उथळ ठेवण्याचा बेत पार वाहून जातो, हे मोसमी पावसात भात पिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अंड्यांचा तिचा हट्टही उपयोगी पडतो. खाचरात, पाटाच्या कडेला बांबूच्या काठ्या रोवल्या की माद्या त्यांवर चढून घोस घालतात आणि ते गोळा करणं सोपं जातं. जपानमध्ये यात एक बारकावा सांगतात. घोस भडक गुलाबी, म्हणजे ताजा असेल तर तो नुसता पाण्यात पाडला तरी पुरे. हवेसाठी घडलेलं अंडं पाण्याखाली गुदमरतं. पण घोस फिकट, पांढुरका झाला असेल तर पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असतात. तो पाण्यात टाकणं म्हणजे त्यांना घरी पोचवणं. असा घोस चिरडावा लागतो. हातमोजे घालूनच, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुऊन. जपानमध्येच हिवाळ्यात भात निघाल्यावर कोरड्या शेतात रोटाव्हेटर फिरवतात. वरच्या थरात लपलेल्या गोगलगाईंचे शंख फुटतात, आणि ज्या उघड्या पडतात त्यांना थंडी मारते. एब्रोच्या शेतकऱ्यांनी तर खाचरांत समुद्राचं खारं पाणी भरून पाहिलं.

बदकं हा सर्वांत देखणा उपाय. लहान गोगलगाई ती शंखासकट गिळतात. फक्त वेळ सांभाळावी लागते. रोप लहान असताना बदकं सोडली तर ती रोपंही तुडवतात, म्हणून लावणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, किंवा भात कापून झाल्यावर पुढच्या हंगामाआधी सोडायची. मांगूर, तिलापिया, कार्प असे मासेही पिल्लं खातात. पण जिथे विष पडलं तिथे ते नसतात. जपानमध्ये काही जणांनी उलटंच केलं: पाण्याची खोली हिशेबात ठेवून ही गोगलगाय तण खायला वापरली. 2024 साली तिथल्या कृषी मंत्रालयाला जाहीर करावं लागलं की तिला मुद्दाम शेतात सोडू नका. मंत्रालयाचं म्हणणं मला पटतं. आपल्या खाचरातली खोली आपल्या हातात असते, पण गोगलगाय शेजाऱ्याच्या खाचरात जायला कुणाची परवानगी मागत नाही.

आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत पिवळ्या, निळसर, जांभळट रंगांच्या ‘मिस्ट्री स्नेल’ मिळतात. त्या याच कुळीतल्या, पण सहसा वेगळ्या, वनस्पतींना फारसा त्रास न देणाऱ्या जातीच्या. अडचण ही की या कुळीतल्या जाती नुसत्या शंखावरून ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. आशियात पसरलेल्या गोगलगाई नेमक्या कोणत्या जातीच्या, याचा उलगडा डीएनए तपासणीनंतरच झाला. म्हणून टाकीतली गोगलगाय नको झाली तरी ती तळ्यात, विहिरीत, नाल्यात सोडायची नाही. आपल्या पायलाशी तिची गल्लत होऊ नये यासाठी एक खूण पुरेशी आहे. पायला अंडी पांढरी घालते, आणि तीही काठाच्या ओल्या मातीत, आडोशाला. पाण्याच्या वर, उघड्यावर, काडीला किंवा खांबाला गुलाबी घोस दिसला तर तो पायलाचा नाही. त्याचा फोटो काढून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला लगेच दाखवावा.

एका शेतकऱ्याच्या बळावर मात्र यातलं काहीच टिकत नाही. एकाने रोज पहाटे वेचून आपलं खाचर स्वच्छ केलं, आणि वरच्या अंगाच्या खाचरातून पाटाने पाणी आलं, तर त्याच पाण्यातून तरंगत नवी पिढी येते. म्हणून पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवतात, ती दर दोन-तीन दिवसांनी काढून त्यात अडकलेला कचरा आणि पिल्लं साफ करतात. फिलिपिन्समध्ये सल्ला हाच दिला जातो की एका कालव्यावरच्या सगळ्यांनी मिळून चिखलणी, वेचणी आणि लावणी करावी, पाणीही एकाच वेळी सोडावं. असं केल्यावर लावणीनंतरच्या त्या दहा-पंधरा दिवसांत कोवळं रोप सगळीकडे असतं, पण चालायला पुरेल एवढं पाणी कुणाच्याच खाचरात नसतं.